दोन रंगांची वेणी

माझ्या मामीच्या डोक्यावर पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा सांडला, अशी बातमी आमच्या इमारतीत बरेच दिवस फिरत होती.

तळमजल्यावरच्या आजींची आवृत्ती अशी: "अगं, वरच्या फळीवरून आख्खा डबा! डोळे वाचले हो, डोळे. पण भांग बघ, भांगच रंगला." आजी 'डोळे' दोनदा म्हणतात आणि दोन्ही वेळा स्वतःचे मिटतात. वॉचमनकाकांच्या मते डबा सांडलाच नव्हता, मामाने घराचं छत रंगवताना ब्रश झटकला होता. "मी स्वतः बघितलं ना." काकांचं प्रत्येक वाक्य याच शब्दांवर संपतं, मग विषय कचऱ्याच्या गाडीचा असो की चंद्रावरच्या यानाचा. तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी तर टर्पेंटाइनची बाटलीच पाठवून दिली. सोबत निरोप: "पूर्ण वाळायच्या आत चोळा म्हणावं."

तर डबाबिबा काही सांडला नव्हता. भांगाच्या दोन्ही बाजूंना जो पांढरा पट्टा दिसत होता तो मामीच्याच डोक्यातून, कोणाच्याही मदतीशिवाय, उगवत होता. टर्पेंटाइन आम्ही मामाच्या सायकलच्या चेनला वापरलं.

आता लोकांना डबाच का सुचला, तर मामी रंगाच्या दुकानात काम करते म्हणून. तिथे तिला कोणी नावाने हाक मारत नाही, शेडताई म्हणतात. लोक तिच्याकडे काय काय घेऊन येतात! भिंतीचा पोपडा, उशीचा अभ्रा, वाळलेलं पान. एकदा एक माणूस स्कूटरचं मडगार्ड काढून घेऊन आला होता. "हाच रंग बेडरूमला हवा." मामी ते हातात घेते आणि खिडकीजवळच्या आपल्या स्टुलावर बसते. त्या खिडकीतून थेट ऊन कधी येत नाही, दिवसभर सारखाच शांत उजेड येतो. मग पांढऱ्या रंगात बाटल्यांमधले थेंब टाकायचे, आइस्क्रीमच्या काडीने ढवळायचं, जाड कागदावर एक पट्टी ओढायची आणि हेअर ड्रायरने वाळवायची. रंगाच्या दुकानात ड्रायर बघून नवीन गिऱ्हाईक चमकतंच. मामी सांगते, "ओल्या रंगाचं काही खरं नसतं. वाळू दे, मग बोल."

आणि कोणी नुसतं "पांढरा द्या" म्हणालं, की संपलंच.

"कुठला पांढरा?"

"पांढरा म्हणजे... पांढरा."

"दुधाचा, चुन्याचा, कागदाचा, की उकडलेल्या अंड्याचा?"

गिऱ्हाईक बायकोकडे बघतं. बायको छताकडे बघते.

तर साऱ्या जगाचे पांढरे ओळखणाऱ्या माझ्या मामीला स्वतःच्या केसांचा रंग माहीत नव्हता. कॉलेजात असतानाच तिचे केस पांढरे व्हायला लागले. तिच्या आईने धसका घेतला आणि 'गडद तपकिरी'चं खोकं आणून ठेवलं. तेव्हापासून ठरलेल्या रविवारी मामीचं न्हाणीघर आतून बंद. जुना गाऊन, जमिनीवर वर्तमानपत्र, दातांचा निवृत्त ब्रश. मामाला त्या वेळात काहीतरी आणायला पिटाळायचं. मामा लिफ्ट दुरुस्त करतो आणि बोलतोही लिफ्टसारखा. मध्येच थांबतो, आत काहीतरी कुरकुरतं आणि मग एकदम खाली पोचतो. तो दर वेळी मुकाट्याने जायचा आणि कोपऱ्यावर उभा राहून परत यायचा. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोच्या केसांची मुळं त्याने कधी पाहिली नव्हती.

मग एका सोमवारी मामी उठली ती डोळे उघडेचनात. पापण्या सुजून भज्यांसारख्या झालेल्या. तशीच कामावर गेली आणि एकाला पिस्ता रंग जुळवून दिला. तो वाळल्यावर मोरपंखी निघाला. मामीच्या हातून असं कधीच झालं नव्हतं. त्वचेच्या डॉक्टरांनी कपाळ बघितलं, कान बघितले आणि विचारलं, "केसांना रंग लावता? बंद. पुढच्या वेळी याहून जास्त सुजेल."

"बंद तर बंद," मामी घरी येऊन म्हणाली. "डोळेच गेले तर माझ्याकडे उरलं काय?"

पण वेणी! मामीची वेणी कमरेपर्यंत आहे, मनगटाएवढी जाड. सगळ्यांनी एकच धोशा लावला, की कापून टाक, बॉयकट कर, वर्षात सगळं एकसारखं होईल. माझी आईसुद्धा त्यात. मामी ऐकेना. "रंग खोक्यातला असेल, केस माझेच आहेत ना? ते का कापू?"

मग आई तिला पार्लरमध्ये घेऊन गेली. मी मागे लागून गेले, कारण त्या पार्लरवालीचा आवाज मला नकलेसाठी बरेच दिवस हवा होता. ती नाकातून बोलते आणि दर तिसऱ्या शब्दाला मॅडम लावते. "मॅडम, एका सिटिंगमध्ये मॅडम, सगळा डार्क काढून टाकू मॅडम, वरपासून खालपर्यंत सिल्व्हर मॅडम!"

"आधी पॅच," मामी म्हणाली.

"काय मॅडम?"

"आख्खी भिंत रंगवायच्या आधी कोपऱ्यात एक चौकोन रंगवून बघतात. मानेजवळची एक बट घ्या. ती बघू, मग बोलू."

बटेला ब्लीच लावलं. बट आधी केशरी झाली, मग सुतळीसारखी, आणि धुतल्यावर पार्लरवालीने जरा ओढली तर च्युइंगमसारखी लांब झाली आणि तुटली. पार्लरवाली पहिल्यांदाच मॅडमशिवाय बोलली: "अय्यो." मामीने तो तुकडा रुमालात बांधून आणला आणि घरी शेडकार्डावर ठेवून बघितला. "गंजलेला पत्रा," ती म्हणाली आणि रुमाल झटकला.

मग तिने काय केलं? काहीच नाही. आणि हे काहीच न करणं किती कामाचं असतं, ते तिच्याकडे बघून कळलं. धुण्याआधी तेल. पाणी कोमट, कढत नाही. शाम्पू फक्त मुळांना, खालच्या केसांवरून नुसता फेस वाहू द्यायचा. टॉवेलने रगडायचं नाही, मामाच्या जुन्या मऊ बनियनमध्ये गुंडाळून टिपायचं. रुंद दातांचा कंगवा, आणि सुरुवात टोकापासून, हळूहळू वर. वेणी सैल. मधूनमधून टोकाचे बोटभर केस कापायचे, तेवढेच. ड्रायर फक्त रंगाच्या पट्ट्यांसाठी.

"जुना रंग म्हणजे जुनी भिंत, पोपट," ती मला म्हणायची. मी सगळ्यांचे आवाज काढते म्हणून मी पोपट. "खरवडायला गेलीस तर प्लास्टरसकट हातात येतो. राहू दे त्याला. नवीन येतंय ना मागून? आणि हा जोड बघ, जिथे पांढरं संपून तपकिरी सुरू होतं. इथे केस सगळ्यात कच्चा असतो. इथे कंगवा अडकला की थांबायचं. ओढायचं नाही."

मामाने ती मुळं पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो चहा पीत होता. "छान," तो म्हणाला आणि थांबला. बराच वेळ आत कुरकुरलं. "...दिसतंय." मामी त्या दिवशी भांडी घासताना गुणगुणत होती.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण मध्ये दाताच्या डॉक्टरीणबाई आल्या.

बाईंना दवाखान्याची भिंत रंगवायची होती. बाई कोणाशीही बोलल्या तरी समोरचा खुर्चीत आडवा पडलाय अशाच बोलतात. "दाखवा. जवळ. अजून जवळ. नको." तीन पांढरे घेऊन गेल्या, तिन्ही परत आणले. प्रत्येक भिंतीपुढे म्हणे पेशंटचे दात पिवळे दिसत होते. तिसरा डबा परत देताना त्यांनी मामीच्या डोक्याकडे बघितलं आणि थेट मालकाच्या टेबलापाशी जाऊन, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "जिचं डोकं दोन रंगांचं, ती माझी भिंत काय जुळवणार?"

मालक भांडकुदळ माणूस नाही. तो घसा खाकरतो, "काय आहे ना" म्हणतो आणि मग मऊ मऊ बोलत माणसाचा गळा धरतो. "काय आहे ना ताई, दुकान म्हणजे चेहरा. गिऱ्हाईक आधी तुमच्याकडे बघतं, मग रंगाकडे. एक तर काळा लावून टाका, नाहीतर कापा. ते जमत नसेल तर काय आहे ना, बाईंची ही शेवटची खेप. भिंत जुळली तर खिडकी तुमची. नाही जुळली तर मागे गोदामात पण माणूस लागतंच."

गोदामात खिडकी नाही. एक ट्यूबलाइट आहे, तीही डोळे मिचकावणारी. शेड जुळवणाऱ्या माणसाला तिथे बसवणं म्हणजे गवयाला गिरणीत बसवणं.

संध्याकाळी मामी आरशासमोर बसून राहिली. वेणी पुढे घेतलेली. वर पांढरं, खाली तपकिरी, मध्ये फूटपट्टीने आखल्यासारखी रेघ. मी मालकाचा आवाज काढून तिला हसवायला गेले तर ती म्हणाली, "आत्ता नको गं." मामा दारात येऊन उभा राहिला.

"कापायचे," तो म्हणाला आणि थांबला.

मामीने मान वर केली. आत बराच वेळ कुरकुरत राहिलं.

"...नाहीत," मामा म्हणाला आणि आत निघून गेला.

मामी हसली, आणि त्या हसण्यातच तिला कल्पना सुचली. पांढरा रेशमी दोरा वेणीत गुंफायचा, भांगापासून पार टोकापर्यंत. म्हणजे दोन रंगांची फाळणी दिसायची नाही. रेघ मोडून जाईल, सगळ्या वेणीतच पांढरं दिसेल, आणि केसांना धक्का नाही. आम्ही शिवणाच्या डब्यातली दोऱ्यांची रिळं आरशासमोरच्या दिव्याखाली मांडली, एक निवडलं आणि गुंफलं. काय दिसत होती वेणी! एखाद्या सम्राज्ञीची असावी तशी. मामीने तीन वेळा उठून मागे वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. मी तिच्याबरोबर दुकानात गेले. मामी खिडकीजवळ स्टुलावर बसली आणि घुसळ्या बाहेर आला. घुसळ्या म्हणजे डबे यंत्रात घालून घुसळणारा. यंत्र बंद असलं तरी तो चालू असल्यासारखाच ओरडतो.

"ताईऽऽ! वेणीत ती पिवळी सुतळी कसली?"

मामीने वेणी पुढे घेतली. उजेडात दोरा जुन्या फ्रीजच्या दारासारखा पिवळट होता, आणि शेजारी तिचे केस अगदीच वेगळे. आणि नेमक्या तेव्हाच डॉक्टरीणबाई आत आल्या.

बाई सरळ स्टुलापाशी आल्या. वेणी बघितली. "दोरा जुळला नाही."

मालकाने खाकरायला तोंड उघडलं ते तसंच ठेवलं. मला वाटलं, मामी काहीतरी सांगून वेळ मारून नेईल, फॅशन आहे म्हणेल.

"नाही जुळला," मामी म्हणाली. "काल संध्याकाळी निवडला. दिव्याखाली."

"पिवळ्या?"

"पिवळ्या."

"तुम्ही?"

"मीच. दिव्याखाली रंग निवडला म्हणून लोकांना ओरडते ती मीच. आणि केस न बघताच निवडला. पांढरे आहेत असं धरून चालले. कुठला पांढरा, हे विचारलंच नाही स्वतःला."

बाईंनी एक रिकामा डबा पुढे ओढला, त्यावर बसल्या आणि आवाज एकदम खाली आणला. "मी पण एकदा केलंय हे. पेशंटला घाई होती. संध्याकाळी ट्यूबखाली दात जुळवला, बसवला. सकाळी तो उन्हात हसला आणि मी घरी जाऊन रडले."

"तुम्हीपण उजेडातच जुळवता?"

"मग काय! तुमच्याकडे कार्ड असतं, तसं आमच्याकडे हे." बाईंनी पर्समधून एक पट्टी काढली. तिच्यावर ओळीने खोटे दात. पांढऱ्यापासून ते चहा-सिगरेटवाल्या पिवळ्यापर्यंत. घुसळ्या दोन पावलं मागे सरकला.

"उजेडात या. मान खाली. अजून खाली," बाई म्हणाल्या. मामीने चक्क मान खाली घातली. बाईंनी पट्टीतला सगळ्यात पिवळा दात मामीच्या भांगाशी धरला.

आणि तो दात पांढरा दिसला! म्हणजे मोत्यासारखा नाही, पण स्वच्छ, निरोगी, कोणालाही आपला म्हणावासा वाटेल असा. बाईंनी दात दुकानाच्या पांढऱ्या भिंतीशी नेला, तो पिवळा. परत मामीच्या डोक्याशी, पांढरा.

"हे काय आहे?" बाई म्हणाल्या.

"काय आहे? मला दिसत नाही ना," मामी खालच्या मानेनेच म्हणाली. "माझंच डोकं आहे, मला कसं दिसणार?"

बाईंनी पर्समधून तोंडात घालायचा तो छोटा गोल आरसा काढला, नवीन, कागदात गुंडाळलेला. तो धरला मामीच्या भांगावर, आणि दुसरा, पावडरच्या डबीतला, मामीच्या हातात दिला. मामी एका आरशातून दुसऱ्या आरशात बघत राहिली. नाण्याएवढ्या त्या गोलात तिने आपले केस पहिल्यांदाच दिवसाच्या उजेडात नीट पाहिले. मी तिचा चेहरा बघत होते. शेड ओळखताना तिची डावी भुवई जराशी वर जाते, तशी ती गेली.

"हा पांढरा नाहीच," ती हळूच म्हणाली. "राख आहे. थंड राख. आणि खाली किंचित निळं." मग थोड्या वेळाने, "चांगलाय गं."

"हाच द्या मला," बाई म्हणाल्या. "भिंतीला."

"पांढऱ्याहून पांढरी भिंत हवी असं मीच धरून बसले होते," मामी आरसा परत देत म्हणाली. "तिच्यापुढे कोणाचेही दात मार खातील."

मालक पुढे आला. "काय आहे ना डॉक्टर, राखेचा रंग दवाखान्याला जरा..."

"बंद," बाई म्हणाल्या. "तोंड बंद."

मामीने आधी वेणीतला दोरा उसवून टाकला. मग थेंब पडायला लागले. काळ्याचे, निळ्याचा एक, ढवळून पुन्हा काळ्याचा अर्धा, काडीच्या टोकाने. पट्टी ओढली, ड्रायर फिरवला, पट्टी माझ्या हातात देऊन मला तिच्या डोक्याशी धरायला लावली आणि बाईंना विचारलं, "जास्त निळा झाला का?" बाई म्हणाल्या, "किंचित." पुन्हा थेंब. घुसळ्याने डबा घुसळला आणि बाई तो घेऊन गेल्या. शेडच्या वहीत नावाच्या जागी काय लिहायचं, असं घुसळ्याने विचारलं तर मामी म्हणाली, "तूर्त रिकामी ठेव. अजून वाढतोय."

घरी येताना मामी हवेत होती. मला मात्र बाईंचे परत आलेले तीन डबे आठवत होते. "मामी, कागदावर सगळंच छान दिसतं. भिंतीवर दोन हात बसू देत, बाई डबा घेऊन परत येतात की नाही बघ."

"नाही येणार."

"येणार."

"लाव पैज," मामी रस्त्यातच थांबली. "तू जिंकलीस तर कात्री तुझी. वेणीचा सगळा तपकिरी भाग एका घावात काप. मीही मग गोदामात सुखाने बसेन."

"आणि तू जिंकलीस तर?"

"तर दर रविवारी माझे केस तू विंचरायचेस. टोकापासून वर. शेवटचा तपकिरी केस निघून जाईपर्यंत."

मी हसत हात पुढे केला. बाईंचा स्वभाव मला मामीपेक्षा जास्त माहीत आहे असं मला वाटत होतं. अख्खा माणूस मी आवाजात पकडते, मग स्वभाव कसा सुटेल?

भिंत वाळल्यावर बाई दुकानात आल्या. मी तिथेच होते, मुद्दाम. बाईंच्या हातात डबा! मी मामीच्या कानाशी लागून म्हणाले, "कात्री कुठे ठेवलीयस?" मामीचा चेहरा उतरला. तिने वेणी मागून पुढे घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. मालकाने खाकरून घेतलं.

बाईंनी डबा टेबलावर ठेवला. ठण्ण वाजला. रिकामा.

"संपला," बाई म्हणाल्या. "छत राहिलं. बाहेरची खोली राहिली. हाच. अजून दोन." मग मामीकडे वळून, "काल एक आजोबा कवळी लावून स्वतःहून हसले. माझ्याकडे कोणी हसत नाही."

मामीने वेणी सोडली. बाटल्या पुढे ओढल्या, आणि थेंब बरोबर पडले. मालक आत गेला आणि स्वतः एक उशी घेऊन आला. "काय आहे ना ताई," तो म्हणाला, "स्टूल कडक आहे. खिडकीत बसायचं तर रोजचंच आहे."

"आणि माझं डोकं?" मामीने विचारलं.

"डोकं काय," मालक म्हणाला, "डोकं आहे तसं आहे."

तर असे माझे रविवार गेले. मामी जमिनीवर, मी मागे पलंगावर, हातात रुंद दातांचा कंगवा. राखाडी आता खांद्यांच्या खाली आलंय, पण तपकिरी अजून वीतभर शिल्लक आहे. दर तीन-चार महिन्यांनी बोटभर कापायचं, त्याहून जास्त नाही, म्हणजे मी कॉलेजात जाईपर्यंत हे चालणार. मामा दारातून बघतो आणि हल्ली एका दमात बोलतो: "हळू विंचर."

मध्ये एकदा मी घाईत जोडावरून कंगवा ओढला. कट्ट. मी तुटलेला केस मुठीत लपवला.

"ऐकलं मी," मामी मागे न बघता म्हणाली. "पैज हरलेल्यांनी ओढायचं नसतं. पुन्हा टोकापासून."